आधी वैद्याने प्यायचा काढा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, प्रयोगशाळेतली सारी मंडळी, मागच्या रांगेत चहाची वाट पाहणारे माझे समदुःखी, आणि ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या आमच्या डॉक्टरबाई,

निवेदकांनी माझी ओळख ‘परंपरेचे जाणकार’ अशी करून दिली. अहो, साधा झाडपाल्याचा वैद्य आहे मी! हिवतापावरचा सालीचा काढा आमच्याकडे बापाकडून मुलाकडे आला, आणि त्याच्यासोबत एक नेम आला. आधी वैद्याने सगळ्यांसमोर पेलाभर काढा प्यायचा, मग रोग्याला द्यायचा. वैद्य ठणठणीत, म्हणजे औषध निर्धोक. यात खोट काढायला जागा आहे का, तुम्हीच सांगा!

बाईंनी ती साल मागून घेतली, अर्क काढला, हिवताप झालेल्या उंदरांना दिला. मग मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधीचं रक्त जंतूंनी बुजबुजलेलं, नंतरचं स्वच्छ. अंगावर काटा आला हो! आजोबांचा काढा आत जाऊन काय करतो, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदा कोणीतरी डोळ्यांनी पाहत होतं. मी म्हटलं, “झालं तर! भरा बाटल्या.”

बाई म्हणाल्या, “थांबा, वैद्यबुवा. आजवर आधी काढा प्यायलं कोण?”

“आजोबा, वडील, मी.”

“सगळे पुरुषच. मग पोटुशी बाईला तो चालतो, हे कोणी ठरवलं?”

मी तिथून तणतणत निघालो, पण साल पोचवत राहिलो. बाई मात्र गाभण उंदरिणींवर तपासणी करायला बसल्या.

पुढे एकदा मी फोन केला, “आज साल आणत नाही, सूनबाईला थंडी वाजून ताप आलाय.” सूनबाईला तेव्हा दिवस गेले होते. काढा उकळत होता, नेमाप्रमाणे माझा पेला पिऊन झाला होता. बाई म्हणाल्या, “तिला थेंबभरही देऊ नका. ताबडतोब दवाखान्यात न्या.”

मी भडकलो. “पिढ्यान्‌पिढ्यांचं औषध आता तुमच्या उंदरांना विचारून द्यायचं का?”

“त्यांनाच विचारलंय,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्यांची पिल्लं पोटातच गेली.”

शेजारी उभं राहून फोन ऐकणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी मला काही न विचारता पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं. दवाखान्यात रक्त तपासलं, हिवतापच निघाला. तिथल्या डॉक्टरांनी अशा अवस्थेत चालणारी औषधं दिली, सूनबाई बरी झाली. त्या वेळी पोटात होती ती बया आत्ता तिसऱ्या रांगेत खुर्चीवर उभी आहे. खाली बस गं, आजोबा बोलतायत!

पण मंडळी, माझा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. मला पाठचं भावंड नाही. आईला दिवस गेले असताना हिवताप आला, वडिलांनी काढा दिला, आणि ते मूल राहिलं नाही. तापाने नेलं, असंच वडील शेवटपर्यंत म्हणत होते. मी बाईंकडे गेलो आणि एवढंच विचारलं, “माझ्या वडिलांनी मारलं का हो त्याला?”

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “हिवतापानेही मूल जातं, वैद्यबुवा. तुमच्या आईच्या बाबतीत काय झालं, ते मी तपासलेलं नाही. जे तपासलं नाही, ते मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका.”

ज्या काटेकोरपणाने माझी नात वाचली, त्याच काटेकोरपणाने या बाईने माझ्या वडिलांनाही सोडवलं. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आजही काढा आधी मीच पितो. पण पेला उचलण्याआधी समोरच्या बाईला ‘दिवस गेलेत का?’ असं विचारतो, आणि ती ‘हो’ म्हणाली तर तिला घेऊन थेट दवाखान्यात जातो.

दोन शब्द बोलायला उभं केलंत, त्याबद्दल संस्थेचा ऋणी आहे. भावनेच्या भरात मात्रा जास्त झाली असेल, तर या म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि बाई, माझे वडील आज असते, तर तेही तुमच्यासमोर हात जोडून उभे राहिले असते. त्यांच्या वतीने मी जोडतो.