अंगणातली दोरी

(गोरेगाव. भिवाजीचं अंगण. निळ्या केबलवर धुणं वाळत घातलेलं. भिवाजी, त्याची बायको द्वारकाबाई आणि केबल तपासायचं मशीन घेऊन आलेली इंजिनिअर पल्लवी.)

पल्लवी : तसं नाही, काका. मशीन खोटं बोललं नाही. मीच त्याला नीट विचारलं नव्हतं.

भिवाजी : मशीनची बाजू काहून घेता, मॅडम? पंचायतीपासून शाळेपर्यंत इंटरनेटची वायर मी वढली. 'केबल खराब' असा रिपोर्ट तुमी लिहिला. ठेकेदारानं हीच वायर उपटून माझ्या अंगावर फेकली अन् कामावरून काढलं. चार महिने झाले.

पल्लवी : नवीन केबल टाकली तरी त्याच चुका दिसल्या. तेव्हा कुठे शाळेतला स्विच, म्हणजे केबल जिथं जोडतात तो डबा, तपासला. कुणीतरी त्याचं सेटिंग पक्कं करून ठेवलं होतं. वेग शंभरचा, बोलणं दोन्हीकडून एकदम. अन् माझं मशीन होतं ऑटोवर.

द्वारकाबाई : आमी त रिक्षालाच ऑटो म्हन्तो, बाई.

पल्लवी : इथं ऑटो म्हणजे दोन्ही टोकांनी आपसात बोलून ठरवायचं, काकू. सोयरिकीच्या बैठकीसारखं. एकानं आधीच ठरवून तोंड मिटलं, की दुसरं वेग तेवढा ओळखतं आणि पडती बाजू घेतं. एका वेळी एकानंच बोलायचं, असं धरून बसतं. मग बोलण्यावर बोलणं आदळतं.

भिवाजी : म्हंजे वायरीचा गुन्हा न्हवता.

पल्लवी : नव्हता.

भिवाजी : मी तवाच म्हनलो होतो, तिकडचा डब्बा बघा एकदा. तुमी काय म्हनल्या?

पल्लवी : 'तुम्ही तारा ओढा, मशीन मला कळतं.'

भिवाजी : बराबर. ध्यानात हाय म्हनायचं.

पल्लवी : तोच स्विच आणलाय. तुमच्या दोरीच्या त्या टोकाला जोडलाय. काकू, कपडे काढता का?

द्वारकाबाई : वल्ले हायेत, राहू द्या. वायरीला काय वझं होते?

पल्लवी : हे बघा. मशीन या टोकाला. ऑटो बंद. शंभर. दोन्हीकडून. थांबा... चुका शून्य. पास.

भिवाजी : चार महिने उन्हात तापून बी पास! द्या मग, हेच लिहून द्या ठेकेदाराला. उद्यापासून मला काम भेटते.

पल्लवी : काका... आमचे साहेब म्हणाले, जुना रिपोर्ट उघडायचा नाही. माझी नोकरी अजून कायम नाही.

भिवाजी : मग आल्या कशाला?

पल्लवी : तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

भिवाजी : झालं मन हलकं?

द्वारकाबाई : लोकाईच्या चुका बी आता आमच्याच दारात वाळू घाला.

पल्लवी : काकू, असं नका बोलू.

द्वारकाबाई : का न्हाई बोलायचं? चार महिने ह्या मानसाला गावानं 'खराब वायरवाला' म्हनलं. तवा कुठं होत्या तुमी?

भिवाजी : जाऊ दे, द्वारके. चहा ठेव. अन् मॅडम, ते मशीन काहून वाजून राहिलं?

पल्लवी : जागेचं नाव विचारतंय. त्याशिवाय रिपोर्ट जपून ठेवत नाही. पंचायत ते शाळा, असं लिहू?

भिवाजी : तिथं आता दुसऱ्याची वायर हाय. लिहा, भिवाजीच्या अंगणातली दोरी. पास.