साहेबरावांची मिशी

पिंपरीला कंपनीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघे कामगार उभे होते. एकानं तोंडावर रुमाल धरला होता.

“आपल्या कादरनं कंपनीच्या नाटकात सासूचं काम केलं, स्पर्धेत पहिला आला. पण भीमराज, ते काम आधी मला विचारलं होतं.”

“साहेबराव, दोन वर्षं हेच ऐकतोय.”

“मी नाही म्हणालो, म्हणून त्याला मिळालं!”

“मिशी काढावी लागणार होती, म्हणून नाही म्हणालास.”

“मग! बिनमिशीचं तोंड घेऊन आमच्या चऱ्होली गावात कसा फिरलो असतो?”

“अरे, मलाही विचारलं होतं. कॅन्टीनच्या आचाऱ्यालाही विचारलं होतं. आम्हीही नाहीच म्हणालो. म्हणून काय आम्ही नट झालो?”

“माझं वेगळं आहे. मी उभा राहिलो असतो, तर कादरला कुत्र्यानंही विचारलं नसतं.”

“पुरे झालं. तो रुमाल काढ आधी, नीट ऐकू येत नाही. अरे तिच्या! मिशी कुठं गेली?”

“उकडतं राव फार. सकाळीच काढली. बरं, यंदाचं नाटक ठरलं का?”

“ठरलं की. पोलीस चौकीचं आहे. त्यात बाई एकही नाही, सगळे हवालदार. दिग्दर्शक कालपासून मिशीवाले शोधत फिरतोय.”