तिसरी किक

पद्मजा : हा तिसरा बोल्ट, चाचा. मुळासकट उपटलाय. माणसं संग्रहालय बघायला येतात का कुस्ती खेळायला?

चांदपाशा : बघू इकडं. हौ, गेला हा. आटेच उडाले ह्याचे.

पद्मजा : दारातून आत आलं की पहिलं दिसणार काय, तर ही स्कूटर. सगळा स्वागतकक्ष मी हिच्याभोवती बांधलाय. जमिनीवर पिवळं पाऊल रंगवलंय, इथे उभे राहा, किक मारा. किक मारली की इंजिनचा आवाज, हेडलाइट लागणार आणि लाइटाच्या झोतात समोरच्या भिंतीवर शहाऐंशी सालचं आपलं शहर दिसणार. यात अवघड काय आहे? परवा शाळेची पोरं आली, एकही चुकलं नाही. आणि आज बजाजनगरचे पंधरा रिटायर कामगार बोलावले, ज्यांचा जन्म स्कूटरी जोडण्यात गेला, तर त्यांनीच हिचं हे करून ठेवलं! मोडली गाडी!

चांदपाशा : मोडली कुठं? कलती केली.

पद्मजा : तेच विचारतेय. का?

चांदपाशा : का म्हंजे? किक मारायच्या आधी कलती करत्यात.

पद्मजा : कोण?

चांदपाशा : अख्खी दुनिया. रातभर गाडी उभी ऱ्हायली की सकाळी पेट्रोल खाली उतरत नाय. मग अशी आपल्या अंगावर घ्यायची, मनात धा अंक मोजायचे, सरळ करायची, मग किक.

पद्मजा : चाचा, हिच्यात पेट्रोल नाहीये. टाकी तुम्हीच धुऊन कोरडी केलीत. आत नुसत्या वायरी आहेत.

चांदपाशा : ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. त्यांच्या हाताला कुठं ठाऊक हाय?

पद्मजा : आणि हे तुम्ही मला आज सांगताय! चाळीस दिवस झाले तुम्ही या गाडीला लागलाय. ती लोखंडी पट्टी तुमच्यासमोर जमिनीत ठोकली, गाडी तुमच्यासमोर पट्टीवर आवळली. एकदा तरी म्हणायचं होतं, ताई, लोक हिला वाकडी करणार.

चांदपाशा : तुम्ही मला जेवायला बसवलं तर मी सांगू का, ताई, मी घास चावून मग गिळतो म्हणून?

पद्मजा : मला कसं कळणार पण? मी अठराव्या वर्षी गाडी शिकले ती बटणाची. बाबा जन्मभर सायकलवर शाळेत शिकवायला गेले. आमच्या घरात कुणी किक मारलेलीच नाही.

चांदपाशा : मग मला काय सपान पडणार? शहागंजात पस्तीस सालं दुकान हाय माझं. आजवर असा माणूस बघितला नव्हता, ज्याला हे सांगावं लागतंय. माझी गलती झाली ती एवढीच.

पद्मजा : रागावू नका. मी पण रागावत नाहीये. मी घाबरलेय, खरं सांगायचं तर. पाच वाजता समिती येतेय. आत्ता वाजला एक.

चांदपाशा : आनंतराव साहेब?

पद्मजा : तेच. अध्यक्षांना पहिल्या दिवसापासून हे नको आहे. ‘मॅडम, दारात मोठा टचस्क्रीन पडदा लावा, लोक बोटाने सरकवत बसतील, मोडतोड नाही, धूळ नाही.’ पडदा विकणारा माणूस तयारच बसलाय, उद्या आणून उद्या लावतो म्हणतो. पुण्यात आठ वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली नकाशे काढले मी. हे पहिलं काम, ज्याच्याखाली माझं नाव लागणार. आज सही झाली नाही तर रविवारी उद्घाटनाला इथे पडदा असेल.

चांदपाशा : आन् ही?

पद्मजा : ही मागच्या गोडाऊनला जाईल.

चांदपाशा : गोडाऊनला! चाळीस दिस घासली मी हिला. हिचा चोक मिळंना म्हणून बिडकीनपर्यंत भंगार हुडकत गेलो.

पद्मजा : म्हणून म्हणते, काहीतरी करा. दुप्पट जाडीचे बोल्ट टाकू. चारच्या जागी आठ. आणि समोर पाटी लावते, ‘कृपया स्कूटर वाकडी करू नये.’

चांदपाशा : नक्को.

पद्मजा : का नको?

चांदपाशा : आठ बोल्टांनी गाडी हालणार नाय, बरोबर. पर माणूस हालवायला जाईल ना? त्यानं हँडल धरलं, अंगावर घ्यायला गेला आन् गाडी मुर्द्यासारखी गपगार. त्याला वाटंल, ही आपली गाडी नाय. दुकानातलं खेळणं हाय. पाटी वाचायच्या आधीच मन उतरलं त्याचं.

पद्मजा : मग काय करायचं? मोकळी सोडायची? पोराच्या पायावर पडली म्हणजे?

चांदपाशा : मोकळी कशाला? एका बाजूला बिजागरी घालू. जाड, गेटाला असती तसली. दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. माणूस वढंल तवा हात-दीड हात येईल, सोडली की आपसूक सरळ. खाली रबराचा ठोकळा, त्याच्या फुडं जाणार नाय.

पद्मजा : आणि बिजागरीत बोट अडकलं तर?

चांदपाशा : चामडं चढवू तिच्यावर. सीट शिवणारा हाय माझ्या शेजारी.

पद्मजा : थांबा, थांबा. म्हणजे ती कलली की आतला सेन्सर... चाचा, कलल्याचा सेन्सर तर माझ्याकडे पडलाय एक! कलती केल्याशिवाय किकच लागू होणार नाही, असं करता येईल. आधी पाऊल नाही, आधी हँडल. अरे, मग सगळंच बदलतं. भिंतसुद्धा. कलती केली की भिंतीवर पहाटेचा अंधार...

चांदपाशा : भिंतीचं तुम्ही बघा. मी आता जुम्म्याला चाललो. नमाज झाली की तसाच शहागंजातनं स्प्रिंग घेऊन वेल्डिंगवाल्याला संगट आणतो.

पद्मजा : किती वाजतील?

चांदपाशा : तीन.

पद्मजा : अडीच.

चांदपाशा : ताई, अल्लाला घड्याळ दाखवू का मी?

(चांदपाशा तीनला दहा कमी असताना आला. तेवढ्या वेळात पद्मजाने स्वागतकक्षाच्या किती फेऱ्या घातल्या, कुणास ठाऊक. दोनदा पडदेवाल्याचा फोन आला आणि दोन्ही वेळा तिने तो कापला. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या, चामडं चढलं, वायरी जोडल्या, पिवळं पाऊल पुसून टाकलं. आता साडेचार वाजले आहेत आणि पोटात दुपारपासून चहाशिवाय काही नाही.)

चांदपाशा : घ्या. धरा हँडल. डरू नका. अंगावर घ्या.

पद्मजा : बापरे, जड आहे की. आली... आली. आणि ही गेली परत. किती सुरेख जातेय!

चांदपाशा : मारा आता किक.

पद्मजा : लागली! हेडलाइट बघा, भिंत बघा! चाचा, पहिल्या किकला लागली!

चांदपाशा : हौ. तिथंच घोळ हाय.

पद्मजा : आता काय?

चांदपाशा : पहिल्या किकला लागली तर ती स्कूटर कसली?

पद्मजा : चाचा, तुमच्या पाया पडते. आता नका.

चांदपाशा : ऐका तरी. सकाळची गाडी, थंडीचे दिस. पहिल्या किकला लागायची का? जवान पोरगी उठवल्यावानी, दोनदा हाक मारली तर हूं नाय की चूं नाय. तिसऱ्याला लागायची. तवा जो आवाज यायचा ना, माणसाला वाटायचं, जिंकलो.

पद्मजा : आमच्या कामात याच्या बरोबर उलटं शिकवतात. माणसाने हात लावला की लगेच काहीतरी झालं पाहिजे. क्षणभर उशीर झाला की तो म्हणतो, बंद आहे, आणि चालायला लागतो. पहिल्या किकला काही झालं नाही आणि अनंतराव निघून गेले तर? त्यांना निमित्तच हवंय.

चांदपाशा : ज्यानं गाडी वापरली तो एका किकला जात नसतो.

पद्मजा : आणि दोन किकला?

चांदपाशा : ...ते मातर सांगता येत नाय.

पद्मजा : बघा! तुमची तुम्हालाच खात्री नाही.

चांदपाशा : खात्री नाय म्हणून तर मजा हाय. ताई, मिस्त्री मी, म्हणून गाडी पहिल्या किकला लावून देणं माझं काम. पस्तीस सालं तेच केलं. तरी गिऱ्हाईक सांगत बसायचं कशाचं? पावसात धा किका मारल्या, पोरीच्या परीक्षेला उशीर झाला, मेव्हण्यासमोर इज्जत गेली, त्याचं. पहिल्या किकला लागली, ते कुणी येऊन सांगितलं नाय कधी.

पद्मजा : पण पाच वाजायला आलेत, चाचा.

चांदपाशा : नाव तुमचं लागणार हाय. मी बोललो, माझं काम झालं. आता तुम्ही ठरवा.

पद्मजा : लॅपटॉप द्या इकडे. बोलू नका माझ्याशी. बघू पण नका.

चांदपाशा : किती किका घातल्या?

पद्मजा : तीन. देवा, काय करतेय मी हे. तीन घातल्यात. आली बघा गाडी त्यांची. आणि सोबत कोण आहे?

अनंतराव : नमस्कार, पद्मजाताई. बाकीची मंडळी वर दालनं बघताहेत, मी आधी इकडं आलो. ही आमची सौभाग्यवती, दमयंती. इथून पुढं एका लग्नाला जायचंय, म्हणून बरोबर आहे. दहा मिनिटं आहेत माझ्याकडं.

दमयंती : अहो, पाच तरी सरळ मनानं द्या. पोरगी घामाघूम झालीय.

अनंतराव : सकाळी बोल्ट उपटल्याचं कानावर आलं माझ्या.

पद्मजा : उपटले होते, सर. आता बसवायची पद्धतच बदलली. तुम्ही एकदा...

अनंतराव : पद्धत बदलली, म्हणजे ऐन वेळी बदलली. मी कारखान्यात कामगार अधिकारी होतो. तीस वर्षं यंत्रं आणि माणसं दोन्ही बघितलीत. हालणारी वस्तू लोकांच्या हातात दिली की ती मोडते. पडद्याला मरण नाही. बरं, करायचं काय इथं? सूचना कुठं लिहिलीय?

पद्मजा : सूचना काढून टाकली.

अनंतराव : काढून टाकली! मग लोकांना कळणार कसं?

चांदपाशा : साहेब, तुम्ही फकत जवळ येऊन उभं ऱ्हा.

अनंतराव : हा घ्या, उभा राहिलो. याच्यात काय... हा रंग खरा आहे का? आमची अशीच होती, आकाशी. याच्यात काय विशेष... अरे! ही कलतीय.

चांदपाशा : तुम्ही कलती केली, साहेब.

अनंतराव : मी? हां. ते आपलं सवयीनं. हात गेला.

पद्मजा : चाचा, काकूंकडे बघा. पिशवी घेऊन कुठे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुणी सांगितलं?

चांदपाशा : बरोबर जागी उभ्या हायत. माझी घरवाली रईसा पण तिथंच उभी ऱ्हायची. किक लागू नये एवढं लांब आन् गाडी निघाली की चटकन बसता यावं एवढं जवळ.

अनंतराव : मारू किक?

पद्मजा : मारा, सर.

अनंतराव : काही झालं नाही.

चांदपाशा : तुमची पहिल्या किकला लागायची का, साहेब?

अनंतराव : छे! महा नखरेल. हे घ्या, दुसरी. ...नाही. बघा, पद्मजाताई, मी हेच म्हणत होतो. समितीच्या अध्यक्षासमोर बंद, तर लोकांसमोर काय होणार? तुमच्या मेहनतीबद्दल प्रश्न नाही, पण रविवार तोंडावर आलाय. मी वर जाऊन सांगतो, पडदा मागवून घ्या.

पद्मजा : सर, एक मिनिट...

चांदपाशा : ताई, गप ऱ्हावा.

पद्मजा : चाचा, ते चाललेत! माझं काम चाललंय!

दमयंती : अहो.

अनंतराव : काय?

दमयंती : अजून एक मारा.

अनंतराव : अगं, बंद आहे ती.

दमयंती : रोज असंच म्हणायचा तुम्ही. रोज म्हणायचा, बंद पडली, चल रिक्षानं. आन् रोज मी म्हणायची, अजून एक मारा. मारा.

अनंतराव : हे बघ, मारली. ...लागली! अगं, लागली!

चांदपाशा : आवाज बघा साहेब, आवाज!

अनंतराव : आणि हा तर क्रांती चौक. मोकळा! एवढा मोकळा होता? दमयंती, ती बघ, कंपनीची बस. पहिल्या पाळीची. सहा वाजून दहा मिनिटं. मी हिच्या मागंमागं जायचो, धूर खात.

दमयंती : बघतीय. इथनं समदं दिसतंय मला.

पद्मजा : सर, मुद्दाम तिसऱ्या किकला लावलीय. बिघाड नव्हता. मला आधी सांगायला हवं होतं.

अनंतराव : सांगितलं असतं तर मी मारलीच नसती. आणा तो कागद. पेन आहे का कुणाकडं?

पद्मजा : हे घ्या. इथे खाली, सर.

अनंतराव : ही झाली सही. पडदेवाल्याला मी कळवतो. मिस्त्री, काम नंबर एक.

चांदपाशा : ताईंचं काम हाय, साहेब. मी बोल्ट आवळले.

अनंतराव : एकच बदल सुचवतो, तो मात्र करा. सुरक्षा म्हणून भोवतीनं कठडा घाला. गाडीपासून दोन पावलांवर, चारी बाजूंनी. एका वेळी एकच माणूस आत, बाकीचे बाहेर.

पद्मजा : दोन पावलांवर? करता येईल. उद्या सकाळी बसवून...

दमयंती : कठडा नको.

अनंतराव : का गं?

दमयंती : मग मी कुठं उभी राहू?