शेफील्डचा डबा

बिस्किटं खा रे, पण आधी ऐका. कंपनीने मला ट्रेनिंगला शेफील्डला पाठवलं होतं ना, तिथली माणसं भलतीच प्रेमळ. पहिल्याच दिवशी शेजारची म्हातारी डोरोथी पत्र्याच्या डब्यातून केक घेऊन आली. आता आपण मुलुंडवाले, शेजाऱ्याचा डबा रिकामा परत देणार? मला येतो तो एकच पदार्थ, शिरा. भरून दिला. दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा दारात, केकसकट! मी पुन्हा शिरा. तीन महिने हेच. माझी पँट कमरेला बसेना, आणि शिरा बघून तिला घाम फुटायला लागला. पण आधी थांबायचं कोणी?

निघताना ती डबा घेऊन स्टेशनवर आली. म्हणाली, "हा तूच घेऊन जा. रिकामा आहे. मेहरबानी कर, आता भरू नकोस."

सुटलो एकदाचा म्हणून घरी आलो, तर आई डबा बघून भडकली. "तिची वस्तू ठेवून घेतलीस? लाज नाही वाटली?" तिने शंकरपाळ्या भरून डबा पार्सल केला.

वाट लागली ना यार! ही बिस्किटं काल त्याच डब्यातून आलीत, आणि आई आत लाडू वळतेय.