बँडच्या जेवणातलं मीठ

(बेल्जियममधल्या फ्लँडर्सचं एक गाव, नोव्हेंबर. गावच्या बँडच्या वार्षिक जेवणाचा दिवस. चर्चच्या सभागृहामागचं स्वयंपाकघर. शेगडीवर बीफ स्टूची तीन मोठी पातेली रटरटत आहेत.)

जॉर्जेट : मी थांबणार नाही. आधी सांग, बोलावलंस कशाला?

इर्मा : पाच वाजता माणसं येतील. एकशे चाळीस. सगळा बँड, त्यांच्या बायका, पोरं...

जॉर्जेट : मग येऊ देत की. कांदा चांगला लाल केलायस, काळी बिअर ओतलीयस, वर वाटलेली मोहरी लावलेला पाव. तो विरघळला की झालं. माझं काय काम?

इर्मा : जरा चाखून बघ.

जॉर्जेट : मी? खारटबाई?

इर्मा : असं नको ना म्हणूस.

जॉर्जेट : मी कुठे म्हणते, गाव म्हणतं. मोजलंय मी. वर्षभरात अकरा जणांनी मिठावरून टोमणा मारला. पाद्रीबुवा धरून बारा. खाटीक विचारतो, 'मांस देऊ की नुसतं मीठच?' तूच चाख. तीस वर्षं दुसऱ्या कुणाला चाखू दिलंस का?

इर्मा : मला कळत नाही.

जॉर्जेट : काय कळत नाही?

इर्मा : चव. गोड नाही, खारट नाही. वासही नाही. मोठा ताप आला होता ना मला, तेव्हापासून.

जॉर्जेट : तो ताप गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. म्हणजे गेल्या वर्षीच्या जेवणाच्या आधीचा.

इर्मा : हो.

जॉर्जेट : पुढे बोल.

इर्मा : तू मीठ बरोबरच घातलं असणार. मी चाखलं, जिभेला काही लागेना. म्हटलं, कमी पडलंय. घातलं. तरी लागेना. पुन्हा घातलं. मग बाहेर लोक पाणी मागायला लागले, आणि बँडचे अध्यक्ष आत येऊन विचारायला लागले, मीठ कुणी घातलं?

जॉर्जेट : आणि तू माझ्याकडे बघितलंस.

इर्मा : मी बोलले काहीच नाही गं.

जॉर्जेट : तेच तर. बोलली असतीस तर भांडले तरी असते.

इर्मा : दुकानात तू दिसलीस की मी दुसऱ्या रांगेत जाते. इतकी लाज वाटते.

जॉर्जेट : आणि मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीयस.

इर्मा : आज सगळ्यांसमोर सांगते. माईकवरून.

जॉर्जेट : गावाचं राहू दे. माझ्या सुनेला सांग.

इर्मा : सिल्केला?

जॉर्जेट : वर्ष झालं, तिच्या घरात मला पातेल्याला हात लावू देत नाही. बोलते फार गोड. 'बसा हो आई, वय झालं की होतं असं.' मलाही वाटायला लागलं, इर्मा, की माझंच डोकं चालेनासं झालंय. घरी दोन बटाटे उकडते ना, तर मीठ चमच्यानं मोजते आणि कागदावर लिहून ठेवते. पुन्हा घालायला नको म्हणून.

इर्मा : अरे देवा.

जॉर्जेट : फोन तिथे भिंतीवर आहे.

इर्मा : आत्ता?

जॉर्जेट : लवकर कर. स्टू खाली लागेल.

इर्मा : हॅलो, सिल्के? मी इर्मा, बँडच्या जेवणाची... नाही, आई बऱ्या आहेत. अगदी बऱ्या आहेत, तेच सांगायचं होतं. गेल्या वर्षीचं ते मीठ मी घातलं होतं. त्यांनी नाही. मी. दोनदा... हो... हो. ठेवते.

जॉर्जेट : काय म्हणाली?

इर्मा : म्हणाली, 'मग वर्षभर का नाही सांगितलंत?'

जॉर्जेट : तू काय म्हणालीस?

इर्मा : काय म्हणणार? गप्प बसले.

जॉर्जेट : ते तुला छान जमतं. सरक आता. पातेल्यापाशी मला येऊ दे.