कोचच्या आईचा प्रश्न

आमचे सासरे सध्या नागपूरहून इथे अमेरिकेतल्या डब्लिनला आलेत, तुम्ही भेटलायत त्यांना. परवा लेकीच्या फुटबॉल कोचला जेवायला बोलावलं होतं. माणूस रोमेनियाचा, देशाकडून खेळलेला, गुडघा गेल्यावर कोच झाला. दोन दिवसांनी टीम सिलेक्ट करणार होता, म्हणून मी आणि बायको अगदी जपून बोलत होतो.

पहिली पोळी पानात पडते न पडते तोच सासऱ्यांनी इंग्रजीत विचारलं, "खेळ ठीक आहे, पण पोटापाण्यासाठी काय करता?"

बायकोच्या हातातला वरणाचा डाव तसाच थांबला. मला तर लेक सीझनभर बेंचवर बसलेली दिसायला लागली.

कोच मात्र खो खो हसला. म्हणाला, "मी देशाकडून खेळत होतो तेव्हाही माझी आई हेच विचारायची."

"मग आता काय सांगता त्यांना?" सासऱ्यांनी विचारलं.

"अमेरिकेत असतो, एवढंच सांगतो. मग ती पुढे काही विचारत नाही."

यार, माझा जीव भांड्यात पडला.

सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने त्याला आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाले, "बरोबर आहे. नागपुरात आम्हीही जावयाबद्दल एवढंच सांगतो."