वाढलं म्हंजे काय

आमी मनियार, उदगीरचेच, बांगड्या भरायचा धंदा आज्जापासून. माझं नाव रेहाना. अम्मी टोपली घेऊन जळकोटच्या बाजाराला जायची अन् मी तिच्या मागं, पन काय सांगू तुम्हाला ताई, चार पावलं चालले की मी उकिडवी बसायचे, धाप लागायची, व्हट निळे, नखं निळी, बाया म्हनायच्या पोरीनं जांभळं खाल्ली काय. अन् अशी बारीक, सात वर्साची पोर चार वर्साची दिसायची, म्हून ज्या दवाखान्यात गेलो तिथं एकच बोलनं, हिची वाढ न्हाई. वाढ न्हाई, वाढ न्हाई. अब्बांच्या कानात तेवढंच बसलं.

मंग शाळेत तपासनीवाले आले, म्हनले हिच्या दिलात जन्मापासून भोक हाय, अन् सरकारातूनच मुंबईला नेलं, आपरेशन झालं, हे बगा, गळ्याखालून सरळ टाका हाय. नखं गुलाबी झाली. अम्मी माझा हात धरून बाजारात सगळ्या बायांना नखंच दाखवायची. डॉक्टर म्हनलेते दर वर्साला आना, जल्मभर आना. दोन वर्सं गेलो. मंग अब्बा म्हनले पोरगी पळून राहिली, खाऊन राहिली, चांगल्या लेकराला कुनी दवाखान्यात नेतं काय.

एकोनिसाव्या वर्सी माझा रिश्ता ठरला, अन् निकाहच्या आदी छातीत लई धडधड सुरू झाली, म्हून अब्बांनी लातूरला नेलं. ही गर्दी तिथं. डॉक्टरनं मान वर न करता फोटो बगितला, म्हनले हृदय वाढलंय, एकदा मुंबईला दाखवून या. अब्बांचा चेहराच खुलला. बगा ना, जल्मभर ऐकलं वाढ न्हाई, वाढ न्हाई, अन् आता दिलच वाढलं म्हनले. उतरताना स्टँडवर जिलबी घेतली.

अम्मीनं जिलबीला हात लावला न्हाई. म्हनली, वाढलं म्हनले? आता तुम्हाला तर म्हाईत हाय ताई, बांगडी फुटली असं कुनी म्हनत न्हाई, अपशकुन असतो, वाढली म्हनायचं. दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हनायचं. आमच्या बोलीत बी तसंच, चूडी बढ गयी. अम्मीनं जल्मभर वाढली ह्याचा अर्थ एकच ऐकला. ती रडाया लागली, म्हनली माझ्या पोरीचं दिल फुटलं, अन् अब्बा तिच्यावर वरडले, तुझं डोकं बांगड्यातच, दवाखान्याची भाषा येगळी असती. निकाह झाला. मुंबईला कुनी गेलं न्हाई.

सना झाली तवा मला पायऱ्या चढवंनात, पाय सुजले. लेकरांच्या दवाखान्यात गेलो, म्हनले तू आता मोठी झाली, मोठ्यांकडं जा. मोठ्यांकडं गेलो, म्हनले ही लेकरांची बिमारी, आपरेशन केलं त्यांनाच इच्यारा, जुना कागद आना. जुन्या कागदावर शेख रेहाना, आधारवर मनियार रेहाना. खिडकीवरचा म्हनला ह्या दोन बाया हायेत. मी गळ्याजवळचा पदर जरा सरकवला, टाका दाखवला, तो दुसरीकडंच बगाया लागला.

अशी आठ वर्सं गेली. शेवटी नांदेडला एका डॉक्टर मॅडमनं कागदावर चित्र काढून सांगितलं, झडप गळती हाय, रगत मागं येतंय, म्हून दिल ताणून ताणून मोठं झालं, थकलं. म्हनल्या हे लई आदी दाखवायचं होतं. मी म्हनलं दाखवलं होतं. अब्बा बाजूलाच होते, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. अम्मी तवर गेलती. तुझंच खरं होतं हे तिला सांगायचं राहिलं.

आता नवी झडप बसवायची हाय मुंबईला. शेख अन् मनियार एकच बाई म्हून शपथपत्र करून दिलं, नंबर लागला की फोन येनार हाय. आठ म्हैने झाले. लोक इच्यारतात भ्या वाटतं का. न्हाई. पैले वाटायचं, रडू बी यायचं, आता काय बी वाटत न्हाई ताई, बसून बांगड्या भरते, दम लागला की थांबते, पुन्हा भरते. सना नऊ वर्साची हाय, तिला मी शिकवलंय, डॉक्टर वाढलं म्हनले की तिथंच इच्यारायचं, वाढलं म्हंजे काय. लाजायचं न्हाई.

बायांना मात्र माझा राग येतो. भरताना एखादी गेली की मी फुटली म्हनते. अगं वाढली म्हन, वाढली, म्हनून वरडतात. म्हनू द्या.

आना, हात इकडं आना. सैल सोडा. ही मदली तडकलीय बगा तुमची, हाताला लागंल. काढते. फुटलीय ताई, वाढली न्हाई. नाराज होऊ नका, दुसरी भरते. अल्ला तुमचा चुडा सलामत ठेवो.